डब्यातली कवळी आणि सशाचं हाड

आपल्या सातारा-सांगलीकडं हे नेहमी बघायला मिळतं. म्हातारं माणूस लग्नाला जाताना कवळी लावतं आणि पंगतीला बसलं की काढून रुमालात गुंडाळतं. कवळी तोंड भरलेलं दिसावं म्हणून, भाकरी मात्र आमटीत कुस्करूनच खायची. भडंग, शेंगदाणे तर विसरायचेच.

घोळ बहुतेक वेळा खालच्या कवळीचा असतो. वरची टाळूला चिकटून राहते. खालच्या कवळीला जागा कमी, त्यात जीभ तिला सारखी उचलते. शिवाय दात काढले की जबड्याचं हाड वर्षागणिक झिजत जातं. म्हणून आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी खुळखुळायला लागते. त्यात आपल्याकडं मिश्री लावायची सवय जुनी, त्यामुळं हिरड्या आधीच खिळखिळ्या.

यावरचा उपाय सापडला तो अपघातानं. १९५२ च्या सुमारास स्वीडनचे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण बघत होते. त्यासाठी टायटॅनियमची नळी हाडात बसवली होती. प्रयोग संपला, पण नळी काही निघेना. हाडानं धातूला आपलं मानलं होतं! १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात असे खुंट बसवले. ते त्याला २००६ मध्ये मरेपर्यंत पुरले. तरी दंतवैद्यकातल्या जाणकारांना ही गोष्ट पटायला १९८२ ची टोरांटोची परिषद उजाडावी लागली.

पुढं २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले. ते म्हणाले, खाली एकही दात नसलेल्या माणसाला साधी कवळी देऊन थांबू नका. सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट बसवा आणि त्यांवर कवळी अडकवा. झंपरच्या टिचबटणासारखं हे काम. जेवताना घट्ट, रात्री काढून धुवायची. साखर ताब्यात हवी, तंबाखू बंद हवी, स्वच्छता रोजची हवी. आतली रबरी कडी झिजली की बदलायची, एवढंच.

आता मुद्द्याचं. १८९४ मध्ये मिरजेत वॉनलेस रुग्णालय सुरू झालं, मिरज तर दवाखान्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापुरात वसंतदादांच्या नावाचं, कराडजवळ मलकापुरात 'कृष्णा'चं डेंटल कॉलेज आहे. म्हणजे शिकलेले हात इथंच आहेत. मग हा उपाय ऊसतोडीत जन्म घालवलेल्या आजीपर्यंत का पोचत नाही? कारण खर्च. आणि दुसरं कारण म्हणजे दात गेले की वय झालं म्हणून गप्प बसायची आपली रीत.

मोतीबिंदूबद्दलही एकेकाळी लोक असंच म्हणायचे. गावोगाव शिबिरं झाली आणि ते म्हणणं मागं पडलं. डोळ्यांसाठी जमलं ते दातांसाठी का जमू नये? जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना हा प्रश्न विचारा. चावून खाणं ही काही चैन नव्हे.

तुमच्या घरातली कवळी तोंडात असते की डब्यात? कमेंटमध्ये सांगा.