ध्वनितरंग संवेदक (रूळ तपासणी)

विजेच्या स्पंदातून यांत्रिक तरंग निर्माण करणारे आणि परत आलेल्या तरंगाचे पुन्हा विद्युतसंकेतात रूपांतर करणारे साधन. स्फटिकावर दाब दिला की त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार जमतो, हा दाबविद्युत परिणाम प्येर व जाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. विद्युतदाब दिल्यास स्फटिक आकसतो किंवा प्रसरण पावतो. संवेदकात या दोन्ही गुणांचा उपयोग होतो. पृष्ठतरंगांवर चालणारे प्रकार तापमान, दाब व वायू ओळखतात. मोबाइल फोनमध्ये हेच तंत्र लहरी गाळण्यासाठी वापरले जाते.

रूळ तपासणीत हा संवेदक कसा वापरतात, ते गोंदियाच्या उदाहरणातून पाहता येते. गोंदिया जंक्शन हावडा-मुंबई मार्गावर, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येते. कोळसा व खनिजांच्या जड मालगाड्यांमुळे रुळाच्या पोलादात आतून बारीक चिरा वाढत जातात. बाहेरून रूळ धडधाकट दिसतो. म्हणून कर्मचारी रुळावरून ढकलगाडी नेत तपासणी करतात. गाडीखालचे प्रोब, म्हणजे हेच संवेदक, रुळाच्या माथ्याला टेकलेले असतात आणि मध्ये पाण्याचा पातळ थर सोडावा लागतो, कारण हवेची फट राहिली तर तरंग पोलादात शिरतच नाही. सरळ खाली पाहणारा प्रोब ४ मेगाहर्ट्झचा, तर ७० अंशांत तिरपा २ मेगाहर्ट्झचा असतो. पोलादात अनुदैर्घ्य तरंग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. १७२ मिमी उंचीच्या रुळाच्या तळावर आपटून तो जेमतेम ५८ मायक्रोसेकंदांत परततो. प्रतिध्वनी त्याआधीच आला, तर वाटेत दोष आहे. माथ्यातली आडवी, तिरपी वाढणारी चीर मात्र सरळ प्रोबला सहसा सापडत नाही. ती तिरप्या प्रोबलाच पकडावी लागते, आणि रूळ तुटण्याचे खरे भय तिचेच.

थंडीत हे काम अधिक मोलाचे ठरते. विदर्भातील नीचांकी तापमान अनेकदा गोंदियात नोंदले जाते. सांधाविरहित लांब रूळ थंडीने आकसू पाहतो, त्यात ताण निर्माण होतो आणि जुनी चीर फाटण्याची शक्यता वाढते. असे रूळ जोडणाऱ्या वेल्डची तपासणी स्वतंत्रपणे, हाताने करावी लागते.

माथ्यावरून केलेल्या तपासणीत रुळाच्या पायाच्या दोन्ही बाहेरच्या कडा सुटतात. त्यामुळे रोज रुळावरून पायी फिरणाऱ्या की-मॅनच्या नजरेला पर्याय नाही.