मज्जारज्जूवरील दुहेरी घाला

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता मुरबाडवरून जातो. या तालुक्यांतील शेतकरी भाताच्या खाचरांत राबतो. पावसाळा सरला कीं अनेक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांची वाट धरतात. येथें माणसाचे पाय हेंच त्याचें भांडवल. तेच पाय हळूहळू ताठूं लागले, पाऊल ओढावें लागलें, लघवीवरचा ताबा सुटूं लागला, म्हणजे घरावर केवढें संकट कोसळतें हें सांगावयास नको. अशा वेळीं वैद्यापुढें प्रश्न उभा राहतो: मज्जारज्जूला इजा केली कोणीं?

या प्रश्नाचें एक जुनें उत्तर आहारांत सांपडतें. लाखोळी डाळ सतत खाल्ल्यानें येणारा पांगळेपणा विदर्भास परिचित आहे. परंतु ही डाळ जेथें कोणी खात नाहीं, अशा उष्ण कटिबंधांतील बेटांवरहि असेच रोगी दिसत. १९८० सालीं अमेरिकेंत डॉ. रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेनें माणसांतील पहिला रेट्रोव्हायरस, एच.टी.एल.व्ही.-१, जाहीर केला. १९८५ सालीं मार्टिनिक बेटावरील अशा १७ रोग्यांचें रक्त तपासलें, तेव्हां १० जणांत त्या विषाणूच्या खुणा आढळल्या. पुढल्याच वर्षीं जपानांतील कागोशिमा येथून त्यास दुजोरा मिळाला.

दरम्यान १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत दुसरा विषाणु हातीं लागला. तोच पुढें एच.आय.व्ही. या नांवानें कुप्रसिद्ध झाला. एड्सनें दगावलेल्या ८९ जणांच्या शवविच्छेदनाची अमेरिकेंतील हकीकत १९८५ सालींच प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं २० जणांच्या मज्जारज्जूंत पोकळ्या पडल्या होत्या. पहिला विषाणु मज्जारज्जूंत दाह उत्पन्न करतो, दुसऱ्याच्या रोग्यांत ती आंतून पोखरली जाते. रोग्याचें गाऱ्हाणें मात्र एकच, पाय साथ देत नाहींत.

दोघांचा प्रवासहि एकाच वाटेनें होतो: शरीरसंबंध, दूषित रक्त आणि मातेचें दूध. म्हणून ते एकाच देहांत एकत्र येऊं शकतात. ब्राझीलसारख्या देशांत असे रोगी पुष्कळ पाहण्यांत आले, आणि त्यांच्यांत मज्जारज्जूचे व हातापायांच्या नसांचे विकार अधिक असल्याचें अनेक पाहण्यांत दिसलें.

याहून मोठा धोका आंकड्यांत दडलेला आहे. एच.आय.व्ही. सी.डी.४ पेशींचा नाश करतो, तर एच.टी.एल.व्ही.-१ त्यांची संख्या वाढवितो. दोन्ही विषाणु असलेल्या रोग्याची मोजणी त्यामुळें फसवी चांगली येते. प्रतिकारशक्ति मात्र तेवढी नसते. भारतांत १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधें मिळूं लागलीं, तीं प्रामुख्यानें ही संख्या २०० च्या खालीं उतरल्यावर. अशा नियमाखालीं दुहेरी रोग्याचा उपचार लांबणीवर पडण्याची भीति होती. २०१७ सालीं संख्येची अट सुटली, तरी एच.आय.व्ही.वरील औषधांनीं एच.टी.एल.व्ही.नें केलेला पांगळेपणा हटत नाहीं, हें उरतेंच.

एच.टी.एल.व्ही. भारतांत विरळा आहे, आणि रक्तपेढीच्या सक्तीच्या चांचण्यांत त्याचा समावेश नाहीं. शिवाय तो अंगीं असणाऱ्यांपैकीं शेंकडा पांचांहूनहि कमी जणांस हा पांगळेपणा येतो. घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु महाराष्ट्राला दुहेरी संसर्गाचा धडा दुसऱ्या एका जोडीनें शिकविला आहे. पश्चिम आफ्रिकेंतील रोग्यांत १९८६ सालीं ओळखला गेलेला एच.आय.व्ही.-२ हा विषाणु मुंबईंतील रक्ताच्या नमुन्यांत असल्याचें १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. कांहीं नमुने तर दोन्ही एच.आय.व्ही.च्या चांचण्यांत उमटले. दोन्ही उमटणें म्हणजे दोन्ही विषाणु असणेंच, असें नव्हे. पण तें ताडून पाहणें अगत्याचें होतें. कारण २००४ च्या उपचारांतील नेव्हिरॅपिन हें प्रमुख औषध एच.आय.व्ही.-२ वर चालत नाहीं.

चोर सांपडला कीं शोध थांबवावा, ही मनुष्याची सहज प्रवृत्ति. मज्जारज्जूच्या या इतिहासानें तिला आवर घातला आहे. मुरबाडचा एखादा मजूर औषधें नियमानें घेत असूनहि त्याचे पाय ताठतच राहिले, तर तो औषधें चुकवितो असा ठपका ठेवण्यापूर्वीं रक्ताची आणखी एक चांचणी करावी. त्याच्या देहांत दुसरा चोर दडलेला असूं शकेल.