वाचलेला चिमणा आणि न वाचलेली पिल्लं : एक साधन कसं वाचायचं?

मी लहान असताना आजीने घरट्यातून पडलेलं चिमणीचं पिल्लू उचलून आणलं होतं. बुटाचं खोकं, त्यात कापूस, आणि थोड्या थोड्या वेळाने दुधात कुस्करलेली पोळी. तिसऱ्या दिवशी पिल्लू गेलं. आम्ही भावंडांनी ते तुळशीपाशी पुरलं, थोडं रडलो आणि खेळायला निघून गेलो. त्या पिल्लाची नोंद कुठेही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

माणूस आणि प्राणी यांच्या नात्याचा इतिहास हा माझा विषय आहे. तो सांगितला की पहिला प्रश्न येतो, "पण याला साधनं कुठून आणणार?" प्रश्न रास्त आहे. पक्षी दप्तर ठेवत नाहीत. जे काही मिळतं ते माणसाने लिहिलेलं, आणि बऱ्याचदा त्या पक्ष्यावर जीव लावलेल्या माणसाने लिहिलेलं. असं प्रेमाने भिजलेलं साधन कसं वाचायचं, ते एका उदाहरणावरून पाहू.

1 जुलै 1940. दुसरं महायुद्ध सुरू आहे. लंडनच्या उपनगरात क्लेअर किप्स या बाईंना दारात चिमणीचं पिल्लू सापडलं. नुकतं अंड्यातून निघालेलं, पिसं नाहीत, डोळे मिटलेले. त्यांनी ते उबेत ठेवलं, भरवलं, आणि ते जगलं. पुढे कळलं की त्याचा एक पंख अधू आहे, म्हणजे बाहेर सोडणं शक्य नाही. चिमणा घरातच राहिला. तो मेला 23 ऑगस्ट 1952 रोजी, बारा वर्षांचा होऊन. मोकळी चिमणी दोन-तीन वर्षं जगली तरी पुष्कळ. 1953 मध्ये किप्सबाईंनी त्याचं छोटंसं चरित्र छापलं, 'सोल्ड फॉर अ फार्दिंग'. फार्दिंग म्हणजे पाव पेनी. मत्तयच्या शुभवर्तमानात चिमण्यांच्या या क्षुल्लक किमतीचा उल्लेख आहे, नाव तिथून आलं.

आता हे पुस्तक साधन म्हणून हातात घेऊ. मी तीन प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न : लिहिणाऱ्याला काय पाहता आलं असतं? किप्सबाई पियानो वाजवायच्या. घरचिमणी काही गाणारा पक्षी म्हणून ओळखली जात नाही, पण पियानोच्या सहवासात वाढलेला हा चिमणा चक्क गायचा असं त्या सांगतात, आणि गाण्याचं वर्णन संगीत जाणणाऱ्या माणसासारखं करतात. इथे त्यांचा कान हीच त्यांची पात्रता. त्या हवाई हल्ल्याच्या काळात वॉर्डनचं काम करायच्या. चिमण्याचे खेळ दाखवून लोकांचं मन रमवायच्या. त्यातला एक खेळ असा : भोंगा झाला म्हटलं की चिमणा त्यांच्या ओंजळीत शिरायचा आणि धोका टळेपर्यंत तिथेच बसायचा. म्हणजे हे पुस्तक फक्त पक्ष्याचं नाही. बॉम्बच्या छायेत लोक कशावर हसत होते, याचाही तो पुरावा आहे. पण तो चिमणा "घाबरला", "रुसला", "त्याला अभिमान वाटला" असं कुणी लिहिलं की पेन्सिल काढा. चिमणा ओंजळीत शिरला हे निरीक्षण. त्याला युद्ध कळत होतं हा अर्थ, आणि तो आपण लावलेला.

दुसरा प्रश्न : ताडून कशाशी पाहायचं? एका चिमण्यावरून चिमण्यांबद्दल बोलता येत नाही. याच्या उलट उदाहरण जर्मनीतलं. ओस्कार आणि माग्डालेना हाइनरोट या दांपत्याने बर्लिनमधल्या आपल्या राहत्या घरात मध्य युरोपातल्या पक्ष्यांच्या शेकडो पिल्लांना हाताने वाढवलं. त्यातून 1924 पासून मोठा ग्रंथ खंडाखंडाने निघाला. भरवण्या-पुसण्याचं कष्टाचं काम बरंचसं माग्डालेना यांनी केलं. घर तसंच, खोकी तशीच, पण अनेक जाती शेजारी-शेजारी वाढल्यामुळे उपजत काय आणि शिकलेलं काय, हे वेगळं काढता येऊ लागलं. पुढे 1935 मध्ये कोनराड लोरेंट्स यांनी पिल्लू पहिल्यांदा पाहिलेल्या जिवालाच आपलं कसं मानतं हे मांडलं, तेव्हा ते हाइनरोटांच्या कामावर उभे होते. किप्सबाईंच्या पुस्तकाला मात्र ज्युलियन हक्सली या जीवशास्त्रज्ञाची प्रस्तावना लागली. दिवाणखान्यातल्या बाईचं निरीक्षण विज्ञानापर्यंत न्यायला मोठ्या नावाची सही हवी होती, असं मी त्याचं वाचन करते. प्रस्तावना कधी गाळू नका. पुस्तक कुणाच्या आधाराने उभं आहे ते तिथे कळतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड : कोण गायब आहे? इथे मुंबईतली एक चिमणी आठवा. सालीम अली यांनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी ती ओळखली आणि मुलाला पक्ष्यांचा संग्रह दाखवला. सगळे पक्षी पेंढा भरलेले, नावाच्या चिठ्ठ्या लावलेले. 1985 च्या त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. ते शब्द 'हॅम्लेट'मधले, आणि त्यांचंही मूळ मत्तयच्या त्याच ओळीत आहे.

म्हणजे बघा, मारलेल्या पक्ष्याला चिठ्ठी मिळाली. जगलेल्या पक्ष्याला चरित्र मिळालं. आणि वाचवायला घेतलेलं, पण तिसऱ्या दिवशी मेलेलं पिल्लू? त्याला काहीच नाही. खरं तर अशीच पिल्लं सर्वांत जास्त असणार. चिमणी पिल्लांना किडे-अळ्या भरवते, दूध नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी मायेने दिलेलं दूध आणि पोळी त्यांना पचण्यासारखी नव्हती. फक्त किप्सबाईंचं पुस्तक वाचलं, तर माया केली की पिल्लू जगतं असा निष्कर्ष निघेल. तो पुस्तकाने खोटं सांगितलं म्हणून नाही. उरलेल्यांनी काहीच सांगितलं नाही म्हणून.

तुमचा विषय शेतकरी कर्ज असो, साथीचे रोग असोत की शाळांचा इतिहास, हेच होणार आहे. पास झालेल्या मुलाचं आत्मचरित्र मिळेल, गळालेल्या मुलाचं नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एक रकाना आखा : "या साधनात यायला काय व्हावं लागलं?" किप्सबाईंच्या नावापुढे मी लिहिलंय, "पिल्लू जगावं लागलं." आणि त्याच्याच खाली, आजीच्या आठवणीतून, एक ओळ टाकली आहे : बुटाचं खोकं, तीन दिवस, तुळशीपाशी.

आजीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, एक कुठलं? पाच-सहा तरी असतील." मला आठवत होतं ते एकच. आजी आहे तोवर विचारून घेतलं, हे बरं झालं. तुम्हीही विचारून घ्या.