सैनिकपत्नीचा संसार : दोन रजांच्या मधले दिवस

कोकणातील स्त्रीला नवऱ्यावाचून घर चालविणे नवे नाही. धनी मुंबईच्या गिरणीत किंवा व्यापारी जहाजावर, आणि माडबाग, गुरे, सासू-सासरे, मुलांच्या शाळा यांचा भार घरच्या बाईवर, ही मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावरची जुनी रीत. लष्कर आणि नौदलातील नोकरीही त्याच रीतीत सहज सामावली. ४ डिसेंबर २०२३ रोजी तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला, तेव्हा युद्धनौका पाहायला लोटलेल्या गर्दीत नाविकांच्या घरची माणसेही असणारच.

तरीही चाकरमान्याची पत्नी आणि सैनिकाची पत्नी यांच्यात एक मोठा फरक आहे. गिरणीच्या दप्तराशी चाकरमान्याच्या पत्नीचा संबंध फारसा येत नसे. सैनिकाच्या पत्नीचे राहणे, औषधपाणी, मुलांचे शिक्षण आणि दुर्दैवाने वेळ आलीच तर तिचे निवृत्तिवेतन, हे सारे सैन्याच्या दप्तरातील तिच्या नोंदीवर ठरते. विरह सोसण्याची तयारी इथल्या मुलींना आजीकडून, आईकडून आपसूक मिळते. या दप्तराची ओळख मात्र त्यांना कोणी करून देत नाही, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

नाव एक, कागद अनेक

लग्नात वधूचे नाव बदलण्याची पद्धत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. माहेरची सुनंदा सासरी येऊन सुप्रिया होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, पतीच्या सेवानोंदीत तिसरे, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर ग्रामपंचायतीने ऐकून लिहिलेले चौथे. पती नोकरीत असेपर्यंत यात कोणाला काही वावगे दिसत नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करण्याची वेळ आली, की या चार बायका एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी तिला शपथपत्रे आणि राजपत्रातील जाहिरात यांच्यामागे महिनोन्महिने धावावे लागते. म्हणून नाव बदलायचेच असेल तर ते राजपत्रात प्रसिद्ध करून सर्व कागदांवर एकाच वेळी बदलावे. आमचे मत विचाराल, तर सैनिकाशी लग्न करणाऱ्या मुलीने माहेरचे पहिले नाव तसेच ठेवावे. हौसेपेक्षा सोय मोठी.

लग्नाची नोंदणी गावी ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत होते. ती लग्नाच्याच रजेत उरकावी. त्यानंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा. लष्करात विवाह, अपत्यजन्म यांसारख्या घटनांची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने होते आणि ती युनिटमार्फत रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे कार्यालय बेळगावला आहे. नौदलात अशी नोंद जहाजाच्या किंवा तळाच्या कार्यालयातून मुंबईत मानखुर्दला असलेल्या नाविकांच्या ब्यूरोकडे जाते. लग्न दहा वर्षांपूर्वी झालेले आणि दप्तरात जवान अद्याप अविवाहित, असे होऊ देऊ नये. नोंद झाल्याच्या कागदाची प्रत पतीकडून मागून घ्यावी. ‘झाले असेल’ यावर विसंबू नये. पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे मुलाचा जन्मदाखला माहेरच्या ग्रामपंचायतीचा असतो. तो घेताना आई-वडिलांच्या नावांचे स्पेलिंग सेवानोंदीशी ताडून पाहावे.

रजेतील चार दिवस कामासाठी

लष्करातील जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती गणपतीत किंवा शिमग्यात मिळावी अशी प्रत्येकाची इच्छा, आणि मिळाली की पाहुणे, गाऱ्हाणी, मासळी यांत ती कापरासारखी उडते. त्यातले चार दिवस तरी पती-पत्नींनी कागदांसाठी राखून ठेवावेत.

बँकेतील पगाराचे खाते संयुक्त आहे का, आणि दोघांपैकी कोणालाही किंवा हयात असलेल्या व्यक्तीला व्यवहार करता येईल असे ते आहे का, हे प्रथम पाहावे. घरबांधणीसाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज पत्नीला ठाऊक असावे. पतीचा सैन्य क्रमांक, हुद्दा, युनिटचे नाव, पत्ता, विम्याचे तपशील एका वहीत लिहून ठेवावेत. क्षेत्रीय तैनातीतील पत्ता बहुधा ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ एवढाच असतो. त्यावरून ठिकाण कळत नाही आणि कळूही नये, हाच त्यामागील हेतू आहे.

सर्वांत नाजूक विषय वारसनोंदीचा. भरतीच्या वेळी अविवाहित मुलगा साहजिकच आईवडिलांचे नाव लिहितो. लग्नानंतर कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क नियमाने पत्नीकडे येतो, परंतु सामूहिक विमा योजनेसारख्या काही रकमा नामनिर्देशनानुसार दिल्या जातात. ते बदलले नसेल तर सून आणि सासू-सासरे दुःखाच्याच दिवसांत एकमेकांसमोर उभे राहतात. पत्नीने विषय काढला तर ‘हिचे लक्ष पैशावर’ असे ऐकावे लागते, म्हणून तो पतीनेच आईवडिलांसमोर बोलून मिटवावा. रकमेचे टक्के पत्नी आणि आईवडील यांच्यात वाटून देता येतात. म्हाताऱ्या आईचा वाटा राहिला म्हणून पत्नीचे काही अडत नाही.

संपर्क, बातमी आणि अफवा

पूर्वी ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब ये’ अशी तार जात असे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता निरोप फोनने जातो, तरी तातडीची रजा देण्यापूर्वी युनिटला खातरजमा करावी लागते. डॉक्टरांचा दाखला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दुजोरा असला की काम लवकर होते. हे कार्यालय ओरोस येथे सिंधुदुर्गनगरीत आहे. किरकोळ कारणासाठी आजार वाढवून सांगण्याची सवय लागली, तर खऱ्या प्रसंगी विश्वास बसत नाही.

उलट दिशेचा विचार आपल्याकडे कमी होतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने किनाऱ्यावर वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली, तेव्हा घरची खुशाली दूर असलेल्या माणसाला कळवायची कशी, हा प्रश्न अनेक घरांना पडला. म्हणून युनिटकडे पत्नीच्या क्रमांकाखेरीज एखादा शेजारी आणि मुंबईतील नातेवाईक, असे आणखी दोन क्रमांक दिलेले असावेत.

जहाज समुद्रात गेले की आठवडेच्या आठवडे निरोप येत नाही. पाणबुडीच्या बाबतीत तर मौन हाच नियम. फोन न येणे म्हणजे काही वाईट घडले असे नव्हे, हे सासूबाईंनाही समजावून सांगावे लागते. सीमेवर चकमकीची बातमी आली की दिवसभर दूरचित्रवाणी लावून बसू नये. अधिकृत वार्ता युनिटकडून किंवा प्रशासनाकडून येते, व्हॉट्सॲपच्या गटावरून नव्हे.

आपल्याकडूनही बातमी फुटता कामा नये. पती कोठे आहे, जहाज कधी निघणार, रजा कधी सुरू होणार हे समाजमाध्यमांवर लिहू नये. गोपनीय माहिती बाहेर गेल्याचे प्रकरण उघडकीस आल्यावर नौदलाने डिसेंबर २०१९ मध्ये जहाजांवर व तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुकला बंदी घातली होती. लष्करानेही जुलै २०२० मध्ये ८९ ॲप काढून टाकण्याचा आदेश दिला होता. गणवेशातील छायाचित्र अभिमानाचे खरे, पण ते भिंतीवरच शोभते.

गावी राहावे की क्वार्टरमध्ये?

शांतता क्षेत्रात बदली झाली आणि क्वार्टर मिळाले, तर पत्नीने जावे. सासरच्यांची सोय, शेती, घर ही कारणे खरी असली तरी पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीत एकत्र राहण्याची संधी मोजकीच येते. पहिले सहा महिने जड जातात. हिंदी जमत नाही, राजस्थानात मासळी नाही, पंजाबची थंडी हाडांत शिरते. सुका बांगडा, कोकम आणि मालवणी मसाला बरोबर न्यावा. बांगड्याच्या वासाने शेजारीण प्रथम नाक मुरडते, पण कोकमाच्या सारावर मैत्री जुळते. १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘आवा’ ही सैनिकपत्नींची कल्याण संघटना, तसेच नौदल व हवाई दलातील तशाच संघटना छावण्यांत शिवण, संगणक, बालवाडी असे उपक्रम चालवतात. त्यांच्या कार्यक्रमांतील मानपान काहींना खटकतो. त्याकडे काणाडोळा करून शिकण्यासारखे असेल ते शिकावे. पतीची तैनाती सीमेवर झाल्यास कुटुंबाला ठराविक ठाण्यांवर स्वतंत्र निवासासाठी अर्ज करता येतो, पण प्रतीक्षायादी लांब असते.

मुलांच्या शाळेचा प्रश्न यातूनच निघतो. दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलणार असेल तर केंद्रीय विद्यालय किंवा सैनिकी शाळा बरी, कारण अभ्यासक्रम बदलत नाही. दहावी-बारावीच्या वर्षांत मात्र मुलांना एका जागी ठेवावे. मराठी वाचन घरी चालू ठेवावे, नाहीतर मूल गावी आल्यावर आजीशी हिंदीत बोलते आणि आजी गप्प होते.

गावी राहणाऱ्या पत्नीने उपचारांची माहिती आधी करून घ्यावी. माजी सैनिकांसाठीची ‘ईसीएचएस’ योजना (सुरुवात २००३) सेवेतील जवानाच्या कुटुंबाला लागू नसते. त्यांचा हक्क लष्करी रुग्णालयांत असतो. मालवणहून जवळची म्हणजे वास्को येथील नौदलाचे ‘जीवंती’ आणि बेळगावचे लष्करी रुग्णालय. दोन्ही दूर आहेत, म्हणून आणीबाणीत खासगी रुग्णालयात जावे लागले तर युनिट आणि नजीकचे लष्करी रुग्णालय यांना तत्काळ कळवावे आणि प्रत्येक पावती जपावी. कुटुंबाचे ओळखपत्र मुदत संपण्यापूर्वी नूतन करावे.

जमीन, भाऊबंदकी आणि बाईचे एकटेपण

कोकणातील सातबारा म्हणजे नावांची जत्रा. सामायिक जमिनीत दूर असलेल्या भावाचा हिस्सा हळूच कमी होतो, असा अनुभव सैनिकांच्या घरी दुर्मीळ नाही. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घेण्यास १५ दिवस असतात. पत्नीने ती पेटीत ठेवून रजेची वाट पाहू नये. नोटिशीचे छायाचित्र पतीला त्याच दिवशी पाठवावे आणि तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी. तिच्या नावे मुखत्यारपत्र केलेले असेल तर काम सोपे जाते. जवानाने युनिटमध्ये अर्ज दिल्यास कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस अधीक्षकांना पत्र लिहितात आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी त्याचा पाठपुरावा करतात. शिवाय १९२५ चा भारतीय सैनिकांच्या दाव्यांविषयीचा कायदा आहे. सैनिक विशेष किंवा युद्धजन्य परिस्थितीत तैनात असताना त्याच्याविरुद्धचा दिवाणी दावा त्यानुसार स्थगित ठेवता येतो.

काही घरांत दुःख बाहेरून येत नाही, पतीकडूनच येते. पैसे पाठविणे बंद होते, दारू वाढते, दुसरे घर उभे राहते. अशा पत्नीला लाज बाळगून गप्प राहण्याचे कारण नाही. तिने थेट कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करावा. चौकशीअंती जवानाच्या वेतनातून, ३३ टक्क्यांच्या मर्यादेत, पत्नी व मुलांसाठी निर्वाहाची रक्कम परस्पर कापता येते. मारहाण होत असेल तर १८१ ही महिला मदतवाहिनी आहे. मन खचले असेल, झोप उडाली असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

विपरीत प्रसंग

हा भाग वाचावासा वाटणार नाही, तरी तो माहीत असावा. कुटुंब निवृत्तिवेतनाचे तीन प्रकार आहेत. सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने मृत्यू झाल्यास साधारण निवृत्तिवेतन, म्हणजे अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, मिळते. सेवेत असताना मृत्यू झाल्यास पहिली दहा वर्षे हाच दर ५० टक्के असतो. मृत्यू सेवेमुळे झाला असे ठरल्यास विशेष निवृत्तिवेतन, ६० टक्के. युद्धात किंवा लष्करी कारवाईत वीरमरण आल्यास उदारीकृत निवृत्तिवेतन, अखेरच्या वेतनाइतके. मृत्यू कोणत्या प्रकारात धरला गेला, यावर सारे अवलंबून असल्याने चौकशीच्या निष्कर्षाची प्रत पत्नीने मागावी आणि निष्कर्ष पटला नाही तर मुदतीत अपील करावे. २०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांना निवृत्तिवेतन नाही, ४८ लाखांचा विमा आहे. चार वर्षांच्या मुदतीत त्यांना विवाहाची परवानगी नसल्याने त्यांच्याबाबत ही माहिती आईवडिलांनी ठेवावी.

पुनर्विवाह केला की सर्व हक्क जातात, हा गावोगावी पसरलेला समज सरसकट खरा नाही. निवृत्तिवेतनाच्या प्रकारानुसार नियम वेगळे आहेत. कल्याण कार्यालयात लेखी विचारून निर्णय घ्यावा, भावकीला विचारून नव्हे.

मेजर कौस्तुभ राणे यांना २०१८ मध्ये काश्मीरच्या गुरेझ क्षेत्रात वीरमरण आले. त्यांचे घराणे मूळ वैभववाडी तालुक्यातले. त्यांच्या पत्नी कनिका राणे २०२० मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. त्याआधी २०१७ मध्ये साताऱ्याच्या स्वाती महाडिक याच वाटेने गेल्या होत्या. सेवेत निधन पावलेल्यांच्या पत्नींना या निवडीत ३५ वर्षांपर्यंत वयाची सवलत आहे. प्रत्येकीने गणवेश घालावा असे नाही, परंतु लग्नानंतर अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करून ठेवावी. बालवाडी असो वा बँक, ती कोठेही उपयोगी पडते.

आणि मग तो घरी येतो

जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. पंधरा वर्षे घर एकटीने चालविलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात एक हवालदार येऊन उभा राहतो आणि डबे कोणत्या फळीवर असावेत ते सांगू लागतो. मुलांना शिस्तीचा पाढा सुरू होतो. हे पहिले वर्ष सीमेवरच्या वर्षाहून अवघड गेल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया आहेत. त्याला काम हवे असते. नोकरी, होडी, बागायत, काहीही चालेल, पण ते निवृत्तीपूर्वी ठरलेले असावे. पैशांचे व्यवहार जिच्या हाती होते तिच्याच हाती काही काळ राहू द्यावेत.

निवृत्तीचे कागद आले की निवृत्तिवेतन आदेशावर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षरशः जुळते का ते दोघांनी मिळून पाहावे. निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून येते आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणून त्या खात्याचा परवलीचा शब्द पत्नीलाही माहीत असावा. माजी सैनिक व सैनिकांच्या विधवांना राज्यात २०२० पासून मालमत्ता करात सवलत मिळते. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरण्यापूर्वी त्यासाठीचा दाखला ओरोसच्या कार्यालयातून आणावा.