जोर सोडला की

तुमचा उजवा तळहात एका जाडजूड माणसाच्या छातीवर टेकला आहे, आणि त्याला मागे ढकलायचं एवढंच काम तुम्हाला दिलं आहे. साल १९३२, शरद ऋतू, शांघायची फ्रेंच वसाहत. याच वर्षी जानेवारीत शहराच्या उत्तरेला, जाबेई भागात, जपानी बॉम्ब पडले. तिथल्या जळक्या वस्त्या अजून सावरलेल्या नाहीत. इथे या अंगणात मात्र व्यापारी, वकील, शाळामास्तर अशी माणसं लांब झगे घालून कडेला उभी आहेत आणि तुमच्याकडे बघताहेत. ज्याच्या छातीवर तुमचा हात आहे तो यांग चेंगफू. वय ४९, पोट सुटलेलं, मान खांद्यांत बुडालेली. ताई चीच्या यांग घराण्याची ही तिसरी पिढी.

तुम्ही ढकलता. छाती अडवत नाही आणि मागेही सरकत नाही; ती नुसती तिथून नाहीशी होते. जिन्याला अजून एक पायरी आहे असं धरून अंधारात पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं काहीतरी पोटात होतं. तोल सावरायला तुम्ही झटक्यानं मागे येता. नेमक्या त्या क्षणी तोही तुमच्याबरोबर मागे येतो, हाताचा दाब न वाढवता, आणि तुमचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात. पाठ भिंतीला लागते. कडेची माणसं हसत नाहीत, कारण त्यांतला प्रत्येक जण त्या भिंतीला जाऊन आलेला आहे.

कुठे दुखत नाही, याचंच जास्त नवल वाटतं. ठोसा बसला असता तर कुठे बसला ते सांगता आलं असतं. इथे फेकलं कुणी हेच कळत नाही, कारण निम्मं काम तुम्हीच केलंत. तुम्ही पुढे झुकलात, मग मागे ओढलंत. त्या मागे जाण्यात त्यानं थोडी भर घातली. ती भर त्याच्या दंडातून आली नाही. मागच्या टाचेनं जमीन दाबली, जमिनीनं परत दिलं, आणि ते मांडीतून, कमरेतून, पाठीतून विनाअडथळा हातापर्यंत पोचलं. शंभर किलोंच्या पलीकडचं ते सगळं शरीर एकाच दिशेनं एक वीत सरकलं असेल. तेवढं पुरतं.

पुन्हा हात टेकवा. या वेळी लक्ष त्याच्यावर ठेवू नका, स्वतःवर ठेवा. ढकलायच्या आधीच दातांवर दात बसले आहेत. उजवा खांदा कानाकडे चढला आहे. श्वास बरगड्यांखाली अडकला आहे आणि पायांची बोटं बुटांत आवळली गेली आहेत. दंडाच्या पुढचा स्नायू आणि मागचा स्नायू, दोघं एकाच वेळी ताणले आहेत. एक कोपर वाकवायला बघतो, दुसरा सरळ करायला. तुमच्या ताकदीचा मोठा वाटा तुमच्याच हाडांवर खर्च होतो आहे. जगातल्या बहुतेक माणसांचा जोर असा आपसांत भांडून संपतो. त्यातून हात काठीसारखा ताठ झाला की त्याचं एक टोक तुमच्या मणक्यात असतं आणि दुसरं यांगच्या तळहातात. तो ते टोक हलवतो, मणका हलतो.

तो जवळ येऊन दोन बोटं तुमच्या खांद्यावर ठेवतो आणि एकच शब्द म्हणतो: सैल. रागावून नाही, लाडानंही नाही. तुमच्या शेजारी उभा असलेला सडपातळ तरुण हाच शब्द रोज ऐकतो. तो चेंग मान-छिंग, चित्रकार आणि वैद्य. क्षयानं पोखरलेली छाती घेऊन या विद्येकडे वळला. पुढे तो लिहिणार आहे की एका रात्री आपले दोन्ही हात मोडल्याचं स्वप्न त्याला पडलं, आणि जागा झाल्यावर सैल म्हणजे काय ते अंगाला समजलं. हात आहेत हे विसरल्यावरच हातांना वाट मिळाली.

पण सैल म्हणजे ढिलं असं समजून तुम्ही अंग सोडून दिलंत तर यांग मान हलवेल. मग तो तुम्हाला पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय लांब टाकून उभं करेल आणि विसरून गेल्यासारखा दुसऱ्या कुणाकडे जाईल. थोड्याच वेळात मांडीत आग पेटते, पोटरी थरथरते. खांदे मोकळे ठेवायचे असतील तर वरचं सगळं वजन कुणीतरी पेललं पाहिजे, आणि ते पाय पेलतात. सहज दिसणाऱ्या जोराची किंमत मांड्या चुकवतात, वर्षानुवर्षं, रोज. ज्या मासिकांतून आणि जाहिरातींतून ताई ची म्हणजे म्हातारपणीचा हलका व्यायाम एवढंच सांगतात, त्यांनी ही मांडी एकदा अनुभवायला हवी.

आता इथून ९८ वर्षं मागे चला, आणि आधी थोडा वेळ जर्मनीत थांबा.

लाइपझिग, १८३४. शरीरशास्त्राचा प्राध्यापक एर्न्स्ट हाइनरिख वेबर माणसांच्या हातात वजनं देतो आणि विचारतो, यांतलं जड कुठलं? तुमच्याही हातात देतो. त्याचा निष्कर्ष छोटा आहे. फरक ओळखू येण्यासाठी किती वजन वाढवावं लागतं, ते आधी हातात किती होतं यावर ठरतं. उचलून पारखताना साधारण चाळिसावा भाग वाढला तर कळतं. म्हणजे हाताच्या स्नायूंवर ४० किलोंचा ताण असेल, तर किलोभर बदल होईपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही. ताण ४०० ग्रॅमचा असेल, तर १० ग्रॅमही जाणवतात. अगदी हलक्या वजनांना हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, पण मर्म पक्कं आहे. शांघायच्या अंगणात तुम्ही दात आवळून ढकलत होतात तेव्हा तुमची त्वचा बहिरी होती. यांगची ऐकत होती.

वेबरला ताई ची ठाऊक नाही. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांच्या कानांवर वेबरचं नाव कधी जाणार नाही. पण साल तेच ठेवून पूर्वेला या.

चेनजियागौ, हेनान प्रांत. दक्षिणेला पिवळी नदी, आणि नदीनं आणलेल्या मातीचा रंग भिंतींना, पायवाटांना, तुमच्या नखांना. गावात बहुतेकांचं आडनाव चेन. मिंग राजवटीच्या अखेरीचा लष्करी माणूस चेन वांगटिंग याच घराण्यातला, आणि गावच्या युद्धविद्येचं मूळ इथली माणसं त्याच्यापाशी नेतात. तुमच्यासमोर उभा आहे तो चेन चांगशिंग, वय ६३. चिनी घरांत पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या ताठ उभ्या असतात, त्यावरून गावानं त्याला टोपणनाव दिलं आहे. नाटकाच्या गर्दीत कितीही रेटारेटी झाली तरी हा जागचा हलत नाही, अशी त्याची ख्याती.

तो तुम्हाला काही शिकवत नाही. उभं करतो.

पावलं खांद्याएवढ्या अंतरावर. गुडघे किंचित वाकलेले. टाळू वरून कुणी दोऱ्यानं उचलून धरल्यासारखी. हनुवटी आपोआप आत जाते. "खुबे बसव," तो म्हणतो. तुम्ही गुडघे आणखी वाकवता. तो काठीनं जांघेच्या घडीवर टोचतो: गुडघा नव्हे, हे. तिथे सांधा आहे हे तुम्हाला आजवर माहीतच नव्हतं. कंबर म्हणून तुम्ही जे वाकवत होतात ती पाठ होती. जांघेची घडी मोकळी होते, माकडहाड खाली लोंबतं, आणि पाठीच्या खालच्या भागात वर्षानुवर्षं आवळलेलं काहीतरी सुटतं. वजन तळपायात उतरतं. उजव्या पायात जरा जास्त आहे. ते तसंच होतं, कायम; आज पहिल्यांदा कळलं.

अंगाची ही आतून येणारी खबर, डोळे मिटले तरी आपली कोपरं कुठे आहेत ते सांगणारी, हिला १९०६च्या सुमारास चार्ल्स शेरिंग्टन हा इंग्रज शास्त्रज्ञ नाव देईल. स्नायूंच्या आत बारीक संवेदक असतात, ते ताणाची बातमी सतत मेंदूकडे पाठवतात. चेन चांगशिंगला संवेदक माहीत नाहीत. पण तुमच्या खुब्यात बातमी कुठे अडली आहे ते त्याची काठी अचूक सांगते, आणि मला वाटतं, शिक्षक म्हणून ते जास्त मोलाचं आहे.

मग हालचाल सुरू होते, आणि ताई ची म्हणजे संथपणा हा समज इथे पार गळून पडतो. तळपाय जमिनीत पिळला जातो. तो पीळ घोट्यातून नडगीत, मांडीत, खुब्यातून कमरेत, पाठीवरून खवाट्यात, कोपरात, मनगटात चढत जातो. कोशातून रेशमाचा धागा काढताना हिसका दिला तर तो तुटतो आणि ढिला पडला तर गुंततो, म्हणून या पिळाला इथे रेशीम ओढण्याचं नाव आहे. असे सावकाश वळसे घेत असतानाच म्हातारा अचानक पाय आपटतो. जमीन दणाणते, मूठ कुठून निघाली आणि कधी परत आली ते दिसत नाही, आणि पुढच्या क्षणी खांदे पूर्वीइतकेच खाली. ताण फक्त त्या निमिषापुरता होता. आधी नव्हता, नंतर नाही. जो स्नायू आधीच आवळलेला आहे त्याला आणखी आवळायला जागा उरत नाही. मोकळा असलेलाच झटका देऊ शकतो.

अंगणाच्या टोकाला झाडू घेऊन एक माणूस उभा आहे. त्याचं आडनाव चेन नाही. उत्तरेकडच्या योंगनियानहून आलेला यांग लुचान, वय ३५. कथा सांगतात की तो इथे एका घरी कामाला होता आणि लपून बघत शिकला. खरं असो वा नसो, बघून काय मिळतं ते तुम्ही आता जाणता: आकार. आतलं सगळं हातात हात आल्याशिवाय मिळत नाही, आणि चेन चांगशिंगनं पुढे त्याच्या हातात हात दिला, म्हणून शांघायच्या भिंतीला तुमची पाठ लागली. चेंगफू याचा नातू.

तीसेक वर्षांनी हाच यांग बीजिंगमध्ये मांचू सरदारांच्या वाड्यांत शिकवतो. तिथे जास्त थांबू नका. एकच गोष्ट बघा. त्याच्या उघड्या तळहातावर चिमणी बसली आहे आणि तिला उडता येत नाही. ही आख्यायिका आहे आणि त्याच्या मुलाबद्दलही तीच सांगतात, पण ती रचणाऱ्याला विद्या कळली होती. पाखरू आधी पायांनी रेटा देऊन उडी घेतं, पंख त्यानंतरचे. रेटा द्यायला खाली काहीतरी टणक लागतं. चिमणी दाबते, तळहात तेवढाच खाली जातो. तिला जमीनच मिळत नाही. अंगणात तुम्हाला मिळाली नव्हती, तशीच.

आता पुढे, समुद्रापलीकडे. न्यूयॉर्कचं चायनाटाउन, १९६०च्या दशकाची अखेर. बाहेर मासळीचा वास आणि ट्रकचे भोंगे, आत लाकडी जमिनीवर लांब केसांची अमेरिकन मुलंमुली. साठी ओलांडलेला, अंगानं किरकोळ माणूस दाढीवरून हात फिरवतो आहे. हा तो शांघायचा क्षयी चित्रकार. तैवानहून १९६४ साली इथे आला. घराण्याची लांबलचक मालिका त्यानं ३७ मुद्रांवर आणली आहे आणि शिष्यांना तो एक अवघड गोष्ट सांगतो: दोघांनी हात लावून ढकलाढकली करताना हरत राहा. जिंकण्यासाठी जोर वापरलात तर आज जिंकाल आणि ऐकायला कधीच शिकणार नाही.

त्याच्या ढकलण्याच्या चित्रफिती आजही पाहायला मिळतात. धडधाकट तरुण टुणटुण उड्या मारत मागे जातात आणि बघणाऱ्याला वाटतं, हे ठरवून चाललं आहे. शंका रास्त आहे. शिष्य गुरूला साथ देतात, कधी नकळत. हात न लावता माणसं पाडण्याचे जे दावे या विद्येच्या नावावर खपतात ते खोटे आहेत, आणि खऱ्या कसबालाही लढाईचा सराव लागतोच. २०१७ साली छेंगदूमध्ये एका ताई ची शिक्षकाला मिश्र युद्धकलेच्या खेळाडूनं काही सेकंदांत आडवं केलं ते सगळ्या जगानं पाहिलं. विद्येवर प्रेम असणाऱ्यानं हे लपवू नये. छेंगदूमध्ये जे हरलं त्यामुळे वेबरची वजनं बदलत नाहीत, जांघेचा सांधाही नाही.

तुमच्यासमोर एक उंच मुलगा उभा राहतो. मनगटाला मनगट. तो ढकलतो, तुम्ही अडवता, तुम्ही पडता. पुन्हा तेच. मग एकदा त्याचा दाब वाढायला लागल्याचं तुम्हाला तो वाढायच्या सुमारासच कळतं. खुबा बसतो, कंबर जराशी वळते, आणि त्याचा रेटा तुमच्या बाजूनं निघून जातो. तो दोन पावलं धडपडतो. तुम्हाला हर्ष होतो आणि त्या हर्षानं खांदा वर चढतो. म्हातारा लांबून बोट दाखवतो, खांद्याकडे.

मुलगा परत जागेवर येतो, हात उचलतो. त्याचं मनगट अजून तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही आणि दातांवर दात बसल्याचं तुम्हाला आधीच कळलेलं असतं. तुम्ही ते सोडता. तो ढकलतो.