सेवा, सिद्धान्त आणि चर्चचे ऐक्य : स्टॉकहोम ते ओटावा

विसाव्या शतकातील ख्रिस्ती ऐक्याच्या चळवळीचा विचार करताना सामाजिक नीती आणि धर्मसिद्धान्त हे दोन स्वतंत्र मार्ग मानण्याचा प्रघात आहे. हा भेद कितपत टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

उप्सालाचे आर्चबिशप नाथन सॉडरब्लोम यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९२५ मध्ये स्टॉकहोम येथे ‘जीवन आणि कार्य’ परिषद भरली. ३७ देशांतून सुमारे ६०० प्रतिनिधी आले. रोमन कॅथलिक चर्च मात्र सहभागी झाले नाही. सिद्धान्ताने फूट पडते, सेवेने ऐक्य साधते, ही या चळवळीमागील धारणा होती. म्हणून श्रद्धाविषयक वाद बाजूस ठेवून उद्योगधंदे, शिक्षण व आंतरराष्ट्रीय संबंध यांवर विचारविनिमय झाला. सिद्धान्तांची चर्चा १९२७ च्या लोझान येथील ‘श्रद्धा आणि व्यवस्था’ परिषदेकडे राहिली.

या धारणेची कसोटी जर्मनीत लागली. सप्टेंबर १९३३ मध्ये प्रशियाच्या प्रॉटेस्टंट धर्मसभेने ज्यू वंशाच्या पाळकांना पदावरून वगळणारा नियम स्वीकारला. वरवर पाहता हा सामाजिक न्यायाचा प्रश्न. परंतु बाप्तिस्मा झालेल्या मनुष्यास वंशावरून पाळकपद नाकारता येत असेल, तर बाप्तिस्म्याला अर्थ काय उरतो, आणि चर्च म्हणजे नेमके कोण? हा प्रश्न सिद्धान्ताचाच आहे. मे १९३४ मधील बार्मेन घोषणेने चर्चवर ख्रिस्ताखेरीज अन्य कोणाचेही स्वामित्व अमान्य केले. तथापि तीत ज्यूंविषयी एक शब्दही नव्हता, ही तिची गंभीर उणीव होय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधील फानो येथे बिशप जॉर्ज बेल यांच्या अध्यक्षतेखाली ‘जीवन आणि कार्य’ मंडळाने विरोधी ‘कन्फेसिंग चर्च’ची बाजू घेतली. सिद्धान्त टाळण्यासाठी जन्मलेल्या चळवळीस खरे चर्च कोणते याविषयी भूमिका घेणे भाग पडले.

पुढे १९३७ मध्ये दोन्ही प्रवाहांनी एकत्र येण्याचे ठरविले. महायुद्धामुळे लांबलेली जागतिक चर्च परिषद १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे १४७ चर्चसंस्थांनिशी स्थापन झाली.

१९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चसंस्थांच्या जागतिक संघाने वर्णभेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरविले आणि दक्षिण आफ्रिकेतील दोन गोऱ्या चर्चसंस्थांचे सदस्यत्व स्थगित केले. सेवेने ऐक्य साधते हे सूत्र येथे पुरे पडत नाही. नीतीचा प्रश्न अखेरपर्यंत नेला, तर प्रसंगी ऐक्यच पणास लावावे लागते; तो टाळला, तर त्या ऐक्याला अर्थ उरत नाही.