जुन्या लष्करी बंदुकांचे जतन व त्यांतील पुरावा

तळोजे व शिरढोण ही दोन्ही गावे पनवेल तालुक्यातील. शिरढोणास १८४५ साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली सशस्त्र बंड उभारले. त्याच्या आदल्याच वर्षी झालेल्या शस्त्रविषयक कायद्याने सामान्य प्रजेस परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरविले होते. परंतु राज्यकर्त्यांचा अविश्वास प्रजेपुरताच नव्हता. तो त्यांच्या सैन्याच्या हत्यारांतही उतरला होता.

१८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांसाठी बाहेरून एन्फील्ड रायफलीसारखीच दिसणारी, परंतु आतून गुळगुळीत नळीची बंदूक तयार करण्यात आली. रायफलीच्या नळीचा ०.५७७ इंच व्यास येथे ०.६५६ इंच झाला. सर्पिल खाचा नसल्याने गोळीस फिरकी मिळेना व दूरचा नेम साधेना. १८५८ च्या नमुन्यात नळीची भिंत पातळ झाली, म्हणून १८५९ च्या नमुन्यात ती जाड करावी लागली.

जुन्या बंदुकांची डागडुजी छंद म्हणून करणाऱ्यास हा इतिहास ठाऊक नसेल, तर खाचा झिजून गेल्या असे समजून तो नळी बदलावयास प्रवृत्त होईल. तसे झाल्यास राजनीतीचा साक्षीदारच नष्ट होतो. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमातील सूट, जे जुनाट हत्यार दुरुस्त करूनही चालणार नाही, त्यालाच आहे. तेव्हा गंज थोपविणे, लाकूड राखणे आणि खुणा जशाच्या तशा ठेवणे, हीच या छंदाची योग्य मर्यादा होय.